बिनकाचेची खिडकी

"खिडकीला काच कुठाय?"

हुपरीकरांनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात कटवड्याचा शेवटचा घास होता. मी तो तसाच गिळला. समोर भूपालअण्णा शिरगुप्प्यांच्या नव्या स्कीमचं माहितीपत्रक उघडलेलं, त्यात मी केलेलं चित्र, आणि त्या चित्रावर नाक टेकवून, हातात भिंग धरून बसलेले हे गृहस्थ.

कोल्हापुरात अण्णांच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत मी तेव्हा कामाला होतो. काम एकच, जी घरं अजून बांधलेली नाहीत त्यांची आतली चित्रं कॉम्प्युटरवर करायची. जागेवर पायाचे खड्डे असायचे आणि माझ्या चित्रात सोफ्यावर उशासुद्धा लागलेल्या असायच्या. स्कीमचं नाव अरुणोदय रेसिडेन्सी. चित्र होतं ए विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या ४०३ नंबरच्या हॉलचं, पूर्वेच्या मोठ्या खिडकीतून फरशीवर सोनेरी ऊन पडलेलं. ते बघून आठ दिवसांत सहा फ्लॅट गेले होते. मी स्वतःवर खूश होतो.

"काच आहे की," मी म्हणालो. "पारदर्शक असते ना, म्हणून दिसत नाही."

"काच दिसत नाही, बरोबर. पण काचेवर काहीतरी दिसतं. समोरचं बिंब, एखादी चकाकी, निदान धूळ. इथं काहीच नाही. हे भोक आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो, मगदूम. पोकळ वजन मला हातात न घेता ओळखू येतं."

ते थाप मारत नव्हते. बाजारात त्यांची सायकल शिरली की तराजू आपोआप सरळ होतात, असं माझे वडील सांगायचे. आणि काच खरोखरच नव्हती. ती कधीच नसायची. मला हे काम शिकवणाऱ्या हेरवाडेसरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता, "खिडकीला काच लावायची नाही. खोली मरते." का मरते ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि मग ते दुबईला निघून गेले. नुसती काच काढून भागत नसे. खिडकीच्या बाहेर चादर वाळत घातल्यासारखा एक पांढरा दिवा टांगायचा आणि त्याचा उजेड आत ढकलायचा. सूर्य कुठं ठेवायचा? सोफ्याला शोभेल तिथं.

"आणि हा सूर्य कुठून आणलात?" हुपरीकरांचा पुढचा प्रश्न.

माणूस असा बघत होता की खोटं बोलायची छाती होईना. "मनानं ठेवलाय," मी म्हणालो.

"मनानं! ऐकलंस का शालन? सूर्य मनानं ठेवलाय यांनी."

त्यांच्या पत्नी शालनकाकू शेजारच्या खुर्चीत हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. त्या हसल्या. मग हात बाहेर काढून त्यांनी चित्रातल्या उन्हाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. सांध्यांवर सूज होती, बोट सरळ होत नव्हतं. "मी आपलं इथं खुर्ची टाकायची ठरवलं होतं," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं कळलं. काकूंचे हात एकेकाळी गावात प्रसिद्ध होते. निम्म्या पेठेच्या रुखवतात त्यांचे क्रोशाचे रुमाल असायचे. आता संधिवातानं सकाळी सुईच धरता येत नव्हती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, सकाळचं कोवळं ऊन तासभर हातांवर घ्या. त्यांचं भाड्याचं घर बोळात, तळमजल्यावर. तिथं बाराच्या आत सूर्य फिरकत नव्हता. दोघं नवं घर बघत होते ते एवढ्या एका तासासाठी.

"मला हे चित्र मोजून पाहिजे," हुपरीकर उठत म्हणाले. "खरी दिशा, खरी तारीख, सकाळी आठची वेळ, समोरची बी विंग तिच्या खऱ्या उंचीसकट. आणि खिडकीला खरी काच. त्यात ऊन आलं तर ४०३ आमचा. शनिवारी येतो."

अण्णा संध्याकाळी आले. साठीला टेकलेले, पांढरा शर्ट, कपाळावर गंध, बोलणं मोकळंढाकळं.

"काय म्हणत होतं म्हातारं?"

मी सांगितलं. अण्णा पोट धरून हसले. "अरं, मोजायचं काय त्यात? त्या खिडकीत ऊन येतंय की! मी स्वतः बघितलंय. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर सकाळी आठला चढून उभारलोय, त्याच उंचीवर. दोन इमारतींत चाळीस फूट उगच सोडलंय व्हय मी? त्या उन्हासाठीच सोडलंय."

आता अण्णांचं काय सांगायचं? वर्षभरात त्यांनी माझ्यादेखत गिऱ्हाइकांना बाग सांगितली होती, पोहण्याचा तलाव सांगितला होता, गच्चीवरून ज्योतिबाचा डोंगर दिसतो म्हणून सांगितलं होतं. त्यात हे ऊन. मी मनात म्हटलं, आणखी एक.

तीन दिवस मी त्या चित्रावर बसलो. होकायंत्र घेऊन जागेवर जाऊन उत्तर दिशा पक्की केली. कोल्हापूरचे अक्षांश-रेखांश घातले, पंधरा जानेवारी, सकाळी आठ. बी विंग इंचाइंचानं उभी केली. बाहेरची पांढरी चादर काढून टाकली. शेवटी खिडकीला काच लावली, पाच मिलिमीटर जाडीची, खऱ्या काचेत असतात ते सगळे गुण घालून. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. कॉम्प्युटर अकरा तास गुरगुरत होता.

चित्र आलं आणि मी बघतच राहिलो. खोली मेली होती. आभाळ भरून आल्यासारखा राखाडी उजेड आणि फरशीवर उन्हाचा टिपूससुद्धा नाही. काच मात्र सुंदर आली होती, तिच्यात पडद्याचं बिंबही दिसत होतं. मी सगळी मापं पुन्हा तपासली, एकदा नाही, चारदा. कुठंही चूक सापडली नाही. म्हणजे बी विंग आडवी येत होती, दुसरं काय? बिल्डर खोटा, इमारत आड, गणित खरं.

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. चोविसाव्या वर्षी आपण एक सत्य शोधून काढलं आणि ते एका बड्या बिल्डरच्या विरुद्ध जातंय, याच्यासारखं सुख नाही. त्याच तारेत मी आणखी एक चित्र केलं, बी विंगमधल्या ४०४चं, पश्चिमेच्या बाल्कनीचं. तिथं नकाशात काच नव्हतीच, नुसती जाळी होती. दुपारी चारची वेळ घातली तर ऊन धो धो आत आलं.

शुक्रवारी अण्णांनी ४०३चं चित्र बघितलं. त्यांचा चेहरा पडला नाही, उलट ते कोड्यात पडल्यासारखे दिसले.

"हे खरं न्हाई," ते म्हणाले.

"अण्णा, सगळं मोजलंय."

"मोजलं असशील. पण मी डोळ्यांनी बघितलंय ना. तुझ्या त्या मशिनीत कायतरी गोम हाय."

"मशीन खोटं बोलत नाही, अण्णा." हे वाक्य मी खरोखर म्हणालो, आणि वर मान ताठ करून म्हणालो.

"मग काय मी बोलतोय?" अण्णांनी विचारलं. मी चित्राकडं बोट दाखवलं. त्यात उत्तर होतं, ते त्यांना लागलेलं दिसलं. "आमच्यात म्हणत्यात, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हे चित्र म्हाताऱ्याला दाखवायचं न्हाई. आधीचं दे."

शनिवारी मी दाखवलं.

हुपरीकरांनी भिंग काढलं आणि पहिल्यांदा काच तपासली. "हां. आता काच आहे." मग फरशी बघितली. बराच वेळ बघितली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले. "मगदूम, चौतीस वर्षांत स्वतःचं वजन कमी भरतंय असं स्वतःहून सांगणारा माणूस मला भेटला नव्हता. तुम्ही भेटलात."

शालनकाकू चित्राकडे बघत होत्या. ज्या जागी त्यांनी खुर्ची ठरवली होती तिथं आता राखाडी फरशी होती. त्या म्हणाल्या, "आणि खिडकी उघडी ठेवली तर?"

आम्ही दोघंही हसलो. मी समजुतीच्या स्वरात म्हणालो, "काकू, खिडकी उघडेल हो. समोरची इमारत कशी उघडणार?"

"मोजून काढलंय ते, शालन," हुपरीकर म्हणाले.

काकूंनी हात पुन्हा पदराखाली घेतले. मग मी ४०४चं चित्र पुढं केलं. हुपरीकर उजळले. काकू एवढंच म्हणाल्या, "पण हे दुपारचं आहे. डॉक्टर सकाळचं म्हणाले होते."

"ऊन ते ऊन. सूर्य काय दोन आहेत?" हुपरीकर म्हणाले आणि त्यांनी ४०४ ठरवला.

अण्णा ओरडले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "सोमवारपासनं येऊ नको. आणि एक ध्यानात ठेव. त्या खिडकीत ऊन येतंय."

मी बाहेर पडलो तो फासावर चाललेल्या क्रांतिकारकाच्या थाटात. दुसऱ्या दिवशी हुपरीकर माझं घर शोधत आले. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक दाखला लिहून आणला होता, "श्री. श्रीधर मगदूम यांनी नोकरीची तमा न बाळगता सत्य दाखवले, हे मी प्रमाणित करतो." खाली सही आणि निवृत्तीपूर्वीचा हुद्दा. आई रडली. वडिलांनी तो दाखला देवघरात ठेवला.

आणि त्या दाखल्यानं मला तारलंसुद्धा. पुण्यात एका मोठ्या स्टुडिओत मुलाखत झाली. मी ही गोष्ट सांगितली, काच, भिंग, बिल्डर, सगळी. मालक टेबलावर थाप मारून म्हणाले, "असा माणूस पाहिजे!" पुढची सहा वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो. नव्या मुलांना सांगितली, सासऱ्यांना सांगितली, लग्न जुळायलाही ती थोडीफार उपयोगी पडली. दर वेळी अण्णा थोडे जास्त खलनायक व्हायचे. पुण्यात अशी चित्रं करणारी मुलं वेगळी होती, मी लवकरच माणसं सांभाळायला लागलो, त्यामुळं खिडक्यांना मी हात लावला नाही.

सहाव्या वर्षी ऋतुजा फडतरे नावाची मुलगी नवीन लागली. एका बंगल्याचं काम अडलं होतं. मी साहेबी थाटात तिच्या खुर्चीत बसलो, खिडकीला काच लावली आणि म्हणालो, "आपण खरी काच लावतो. आपल्याकडं खोटं चालत नाही." खोली मेली. राखाडी. ओळखीचा राखाडी.

"सर, काचेच्या सावलीची खूण करायची राहिली," ऋतुजा म्हणाली.

"कसली खूण?"

तिला वाटलं मी परीक्षा घेतोय, म्हणून ती शहाण्या मुलीसारखी सांगू लागली. "कॉम्प्युटरला काचेतून आरपार दिसतं, सर. पण सूर्याच्या किरणांसाठी तो काचेला भिंतच समजतो. हा बारीक चौकोन आहे ना, यात बरोबरची खूण केली की मग ऊन आत सोडतो. नाही तर सरळ काचच काढून टाकायची. जुनी माणसं तेच करायची." तिनं खूण केली. बंगल्यात ऊन आलं.

त्या दिवशी मी घरी लवकर गेलो. जुन्या सीडीवर ४०३ची फाइल होती, मी ती जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. उघडली. काच निवडली. चौकोनात खूण केली. या वेळी अकरा तास लागले नाहीत, वीस मिनिटांत चित्र आलं. पंधरा जानेवारी, सकाळी आठ. बी विंगच्या गच्चीवरून ऊन सरळ आत आलं होतं आणि काकूंनी बोट ठेवलं होतं त्या जागेच्या हातभर अलीकडं पडलं होतं.

मी मनानं सूर्य ठेवला होता तो खरा निघाला आणि मोजून ठेवला तो खोटा. जन्मात एकदा अण्णा खरं बोलले होते आणि नेमकं तेव्हाच त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. आणि काकू! खिडकी उघडायला मला त्या कॉम्प्युटरवर दोन सेकंद लागले असते. काच बाजूला झाली असती, ऊन फरशीवर आलं असतं, गोम तिथंच सापडली असती. मी हसलो होतो. मला इतकी लाज वाटली की बायकोनं जेवायला हाक मारली तरी मी उठलो नाही.

कोल्हापूरला जायचं धाडस करायला आणखी वर्ष गेलं. हुपरीकरांची दर दिवाळीला पत्रं यायची, "आमच्या घरी एकदा पायधूळ झाडा." शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी गेलो. सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो.

फाटकातच अण्णा भेटले. हातात काठी, गुडघे गेलेले, पण आवाज तोच. "अरं, शिरीधर! ये की वर ऊन खायाला!"

"तुम्ही इथं राहता?"

"४०३. तुझ्या त्या म्हाताऱ्यानं गावभर बोंब मारली, त्यात अंधार हाय म्हणून. कोण घेतंय मग? पडून हुता दोन वर्षं. म्हटलं, आपणच जाऊ. गुडघ्याला लई बरं पडतंय बघ." ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझे उपकार हायत माझ्यावर." चेष्टा होती का, ते कळलं नाही. मी पाया पडलो आणि पळालो.

४०४चं दार हुपरीकरांनी उघडलं. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, तरी त्यांनी मला चाचपून ओळखलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं, उजेड-अंधार एवढंच नीट दिसत होतं. हॉलमध्ये भिंतीवर माझी दोन्ही चित्रं काचेच्या फ्रेममध्ये लावलेली होती. राखाडी ४०३ आणि उन्हानं न्हालेलं ४०४. खाली त्यांच्या हातची चिठ्ठी, 'मोजून काढलेली'. बाल्कनीच्या दाराला जाडजूड दुहेरी पडदे होते. उन्हाळ्यात चारनंतर तिथं बसवत नाही, हे पडदेच सांगत होते.

काकू चहा करायला आत गेल्या. मी मदतीच्या निमित्तानं मागं गेलो. त्यांनी कप एका हातानं उचलला, तेव्हा मी दचकलोच.

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या वेळी—"

"खिडकी उघडी ठेवली असती तर आलं असतं ना ऊन?" त्या कपात साखर घालत म्हणाल्या.

"बंद ठेवली असती तरी आलं असतं, काकू. माझीच चूक झाली. मी आत्ता काकांना सगळं सांगतो."

"अजिबात सांगायचं नाही!" त्या ठामपणे म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले त्यांनी. आता डोळे गेले, तराजू गेला, राहिली आहेत ती दोन चित्रं. येईल-जाईल त्याला दाखवतात. ती काढून घेता होय तुम्ही?"

"पण तुमचे हात?"

"माझ्या हातांची काळजी करू नका. त्यांचं बघते मी." त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, नऊ वाजले. मी देवळात जाऊन येते. तुम्ही बसा बोलत."

जाताना त्यांनी दारामागची पिशवी उचलली. तिच्यातून क्रोशाच्या दोऱ्याचा गुंडा डोकावत होता.

"रोज जाते," त्या गेल्यावर हुपरीकर कौतुकानं म्हणाले. "नऊ ते दहा, एक मिनिट इकडं-तिकडं नाही. आणि हात बघितलेत का तिचे? सुई धरते आता! ती म्हणते देवाची कृपा. मी म्हणतो, कसली देवाची कृपा, हे आपल्या पश्चिमेच्या उन्हाचं काम आहे. मगदूम, तुम्ही त्या वेळी खरं दाखवलं नसतं तर आम्ही त्या अंधारात जाऊन पडलो असतो."

ते मला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेले. समोर चाळीस फुटांवर ४०३ची खिडकी सताड उघडी होती. आत फरशीभर ऊन होतं. अण्णा आरामखुर्चीत गुडघे उघडे टाकून पेपर वाचत होते. त्यांची बायको शेंगा सोलत होती. आणि तिच्या शेजारी, सात वर्षांपूर्वी ठरवलेल्या जागेवर खुर्ची टाकून, शालनकाकू उन्हात हात धरून बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं, आणि सुई वर करून जरासं दटावलं.

हुपरीकर त्याच दिशेनं डोळे किलकिले करून बघत होते.

"तिथं काहीतरी चमकतंय, बघा," ते म्हणाले. "शालनसुद्धा मला सारखी म्हणायची, समोर ऊन आलंय, ऊन आलंय. हल्ली नाही म्हणत. मी तिला समजावलं, ती काच आहे, काचेवर उजेड पडला की लांबून तसं दिसतं. आत काही नाही. खरं की नाही?"

"खरं आहे, काका," मी म्हणालो.

"माणसानं डोळ्यांवर जाऊ नये," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात फिरवत मला आत घेऊन आले. "चहा घ्या. निवला असेल."